डार्क वेब : काळे, गडद की अंधारातले?

प्रश्न असा आहे : 'डार्क वेब'ला कुठे 'काळे जाल' म्हणतात, कुठे 'गडद जाल', तर कुठे सरळ 'डीप वेब'. यातले बरोबर कोणते? आणि डीप व डार्क ही एकाच गोष्टीची दोन नावे आहेत का?

आधी दुसरा भाग घेतो, कारण गोंधळाचे मूळ तिथे आहे. ही दोन नावे एकाच गोष्टीची नाहीत. गूगलसारख्या शोधयंत्राला जे सापडत नाही ते सगळे डीप वेब. तुमचा मेलचा इनबॉक्स, बँकेचे स्टेटमेंट, महाभूलेखवर गाव आणि गट नंबर टाकून, कॅप्चा भरून उघडणारा सातबारा, हे सारे त्यातच आले. डार्क वेब हा त्यातला लहानसा भाग. टॉरसारखे खास सॉफ्टवेअर असल्याशिवाय तिथे जाताच येत नाही. 'इंटरनेटचा नव्वद टक्क्यांहून जास्त भाग डार्क वेब आहे' हे सर्रास फिरणारे वाक्य चूक आहे. डीप वेबच्या आकाराचे जुने अंदाज उचलून कोणीतरी डार्क वेबला जोडले, आणि विनाकारण भीती पसरली.

आता शब्द. 'गडद' आपण रंगाच्या छटेला लावतो, त्यामुळे 'गडद जाल' शब्दकोश उघडून केलेल्या भाषांतरासारखे वाटते. 'काळे जाल' मला त्याहून खटकते. काळा पैसा, काळा बाजार यांच्या ओळीत ते जाऊन बसते आणि तिथले सगळेच बेकायदा ठरवून टाकते. टॉरमागची कल्पना 1990च्या दशकात अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत आकाराला आली. पुढे न्यूयॉर्क टाइम्स, बीबीसी यांनीही आपल्या आवृत्त्या तिथे ठेवल्या, जिथे सरकार बातम्या अडवते तिथल्या वाचकांसाठी. त्यांना 'काळे' कसे म्हणायचे? इथे 'डार्क' म्हणजे न दिसणारे. म्हणून मराठी शब्द हवाच असेल तर 'अंधारजाल' घ्यावा. 'अंधारजाळे' मात्र नको. बातमीत 'जाळे' आले की वाचकाला टोळीच आठवते.

हा अंधार नेमका कसला, हे पोलिसांच्या बाजूने पाहिले की शब्द पटतो. साध्या संकेतस्थळावर गुन्हा घडला तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 94 खाली कंपनीला नोटीस काढून आयपी अ‍ॅड्रेस मागता येतो. टॉरमध्ये तुमची मागणी तीन संगणकांतून फिरते आणि प्रत्येक ठिकाणी एन्क्रिप्शनचा, म्हणजे मजकूर कुलूपबंद करणाऱ्या सांकेतिक आवरणाचा, एकच पापुद्रा निघतो. या पद्धतीला 'अनियन' (कांदा) हे नाव त्यावरूनच पडले. पहिल्या संगणकाला तुम्ही कोण ते कळते पण कुठे निघालात ते नाही, शेवटच्याला नेमके उलट. तिथल्या स्थळांचा 56 अक्षर-अंकांचा पत्ता गणिती किल्लीतून तयार होतो, तो कुठेही नोंदवावा लागत नाही. मग नोटीस काढायची कोणाच्या नावे?

म्हणूनच 'पोलिसांनी डार्क वेब बंद केले' किंवा 'डार्क वेबवर छापा' ही वाक्ये मला मान्य नाहीत. बंद होतो तो तिथला एखादा बाजार. सापडतो तो माणूस, आणि बहुतेक वेळा त्याच्या स्वतःच्या चुकीने. सिल्क रोड हा डार्क वेबवरचा अमली पदार्थांचा बाजार चालवणारा रॉस उलब्रिक्ट ऑक्टोबर 2013 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एका सार्वजनिक ग्रंथालयात पकडला गेला. त्याच्या पाठीमागे दोन साध्या वेशातल्या अधिकाऱ्यांनी भांडणाचे नाटक केले, तो वळला, आणि तेवढ्यात उघडा लॅपटॉप उचलला गेला. तो मिटला असता तर पुरावा कुलूपबंद झाला असता. 2017 मध्ये डच पोलिसांनी हान्सा नावाचा बाजार ताब्यात घेतला, पण बंद न करता जवळजवळ महिनाभर गुपचूप चालवला. त्याच काळात अल्फाबे हा दुसरा बाजार बंद पाडला गेला आणि तिथले गिऱ्हाईक आपणहून हान्सावर आले. विक्रेत्यांचे फोटो पोलिसांनी मुद्दाम पुसले. ते पुन्हा चढवताना काहींच्या फोटोंतून ठिकाणांचे अक्षांश-रेखांशही मिळाले. या दोन्ही प्रकरणांना 'सापळा' हा आपला जुना शब्द चपखल बसतो, 'हॅक केले' नव्हे.

आपल्याकडेही माल शेवटी टपालाने किंवा कुरियरनेच येतो. जून 2023 मध्ये एनसीबीने (अमली पदार्थविरोधी केंद्रीय यंत्रणेने) एलएसडी या अमली पदार्थाचे सुमारे 15 हजार ब्लॉट (त्यात भिजवलेले कागदाचे तुकडे) पकडले, त्यातही ऑर्डर डार्क वेबवर आणि पाकीट टपाल-कुरियरने असाच प्रकार होता. अशा बातमीत 'डार्क वेबमधून तस्करी' लिहिण्यापेक्षा 'डार्क वेबवरून मागवलेले' लिहावे. व्यवहार तिथे ठरतो, माल तिथून येत नाही.

रोजच्या लेखनात 'डार्क वेब' हाच शब्द देवनागरीत ठेवा, 'अंधारजाल' पहिल्या उल्लेखाला जोडा. 'डीप वेब'साठी नवा शब्द घडवू नये असे माझे मत आहे. 'शोधयंत्राला न दिसणारा भाग' एवढे म्हटले की पुरते.