दुकानाची डागडुजी आणि सिटीचं कर्ज: वाचकांचे प्रश्न

अमेरिकेतल्या बऱ्याच शहरांकडे वस्तीतल्या छोट्या दुकानांच्या डागडुजीसाठी कर्जाची एखादी तरी योजना असते. छप्पर, दर्शनी काच, पाटी, वायरिंग, रॅम्प अशा कामांना बँकेपेक्षा कमी व्याजाने पैसे मिळतात, कधी काही रक्कम माफही होते. अशा फायली मी बरीच वर्षं टेबलाच्या दोन्ही बाजूंनी पाहिल्या आहेत. आपली माणसं पहिला प्रश्न व्याजाचा विचारतात. मी आधी विचारतो, हा पैसा मुळात आला कुठून? सिटीच्या तिजोरीतून, राज्याकडून की वॉशिंग्टनहून? पैशाचा उगम कळला की कुठले नियम चिकटून येणार तेही कळतं. आज आलेल्या पत्रांपैकी निम्म्यांचं उत्तर तिथेच आहे.

ग्रोसरीचं दुकान आहे, इमारत आमच्याच एलएलसीच्या, म्हणजे मर्यादित जबाबदारीच्या कंपनीच्या नावावर. मार्चच्या पावसात छत गळायला लागलं. काँट्रॅक्टर मोकळा होता म्हणून निम्मं छत उतरवलंही. आता कळलं की सिटी छतासाठी 4 टक्क्यांनी कर्ज देते. बिलं जोडून अर्ज केला तर चालेल ना?

वरातीमागून घोडं झालं हे. सुरू झालेल्या कामाला पैसे देणारी योजना शोधून सापडणं कठीण, आणि पैसा फेडरल असेल तर आशाच सोडा.

कारण सांगतो, म्हणजे पुढच्या वेळी उपयोगी पडेल. सिटीच्या अशा कर्जांमागे पुष्कळदा सीडीबीजी, म्हणजे कम्युनिटी डेव्हलपमेंट ब्लॉक ग्रँटचा पैसा असतो. 1974च्या कायद्याने सुरू झालेली ही योजना हड हे फेडरल गृहनिर्माण खातं चालवतं. या पैशाला हात लावण्याआधी त्या कामाची पर्यावरण तपासणी व्हावी लागते. ‘पर्यावरण’ म्हटलं की झाडं आणि नद्या डोळ्यांपुढे येतात, पण इथे इमारत पूररेषेत आहे का, जमिनीत जुनी तेलाची टाकी वगैरे आहे का, वास्तू ऐतिहासिक आहे का, हे सगळं त्यात येतं. इमारत 50 वर्षांहून जुनी असेल तर 1966च्या ऐतिहासिक वास्तू जतन कायद्याखाली राज्याच्या जतन कार्यालयाला विचारावं लागू शकतं. तपासणी पुरी होईपर्यंत पर्याय बंद करणारं कुठलंही पाऊल उचलायचं नाही, हा नियम सिटीला लागू आहे तसा अर्ज केल्यावर तुम्हालाही. तुमचं निम्मं छत उतरलेलं आहे, आता तपासायचं काय?

तातडीच्या दुरुस्तीला, म्हणजे लोकांच्या जिवाला धोका असेल तर, थोडी सूट आहे. पण ती सिटीने ठरवायची असते, तुम्ही-आम्ही नाही. उघडं छत तसंच ठेवू नका, स्वतःच्या पैशाने पुरं करा. वायरिंग किंवा दर्शनी भागाचं वेगळं काम मनात असेल तर त्यासाठी अर्ज करा, आणि छताचं काम आधीच झाल्याचं पहिल्या भेटीतच सांगून टाका. लपवलेली गोष्ट पाहणीला आलेल्या माणसाला पाच मिनिटांत दिसते.

जर्सी सिटीत भाड्याच्या जागेत मिठाईचं दुकान आहे. लीजची तीन वर्षं उरली आहेत. नवी दर्शनी बाजू आणि पाटी करायची आहे. लँडलॉर्ड तोंडी ‘हो’ म्हणतो. भाडेकरूला कर्ज मिळतं का? (तो इमारत विकायच्या विचारात आहे असंही कानावर आलं आहे.)

मिळतं. पण तुम्ही कंसात टाकलेलं वाक्य हाच तुमचा खरा प्रश्न आहे.

आधी सोपं ते. तोंडी होकाराला किंमत शून्य. सिटीला लँडलॉर्डचं सहीशिक्क्याचं संमतीपत्र लागतं, आणि काही ठिकाणी काम ठरावीक वर्षं काढून टाकणार नाही असा करारही त्याच्याकडून घेतात. कर्जाची मुदत पाच वर्षांची आणि लीज तीन वर्षांची, असं गणित कुठलाही कर्ज अधिकारी मान्य करणार नाही. म्हणून अर्जाच्या आधी लीज वाढवून घ्या, किंवा मुदतवाढीचा हक्क तरी लेखी घ्या.

आता अवघड. भिंतीला पक्की बसवलेली वस्तू बहुतेक लीजप्रमाणे मुक्काम संपताना लँडलॉर्डची होते. म्हणजे हप्ते तुमचे, इमारत त्याची, आणि चकचकीत दर्शनी भागामुळे वाढलेली किंमतही त्याची. उद्या त्याने इमारत विकली तर नव्या मालकाला तुमच्या सजावटीचं कौतुक असेलच असं नाही. तेव्हा संमतीपत्राच्या बदल्यात काहीतरी मागा. काम सुरू असताना भाड्यात सूट, पुढची काही वर्षं भाडेवाढीवर मर्यादा, विक्री झाली तर आधी तुम्हाला विचारण्याचा हक्क. आणि लीजचा गोषवारा काउंटीच्या दप्तरात नोंदवून घ्या, म्हणजे ‘मला माहीतच नव्हतं’ असं नव्या मालकाला म्हणता येणार नाही. वकिलाचे दोन तास इथे खर्च करा. पाटीच्या रंगापेक्षा ते महत्त्वाचे.

इमारत तुम्हीच घ्यायचा विचार केला आहे का? एसबीए, म्हणजे छोट्या धंद्यांना मदत करणारं फेडरल खातं. त्याच्या 504 कर्जात साधारण रचना अशी असते: बँक 50 टक्के, एसबीएच्या हमीवर पैसा उभारणारी संस्था 40 टक्के, तुम्ही 10 टक्के. आधीपासून उभ्या इमारतीत निदान 51 टक्के जागा तुमच्या धंद्याने वापरली पाहिजे. वर दोन मजले भाडेकरू असतील तर इथे घोडं अडतं, आधी फूटपट्टी लावा. मालकांच्या नागरिकत्वाचे आणि ग्रीन कार्डचे नियम एसबीएने अलीकडे बरेच कडक केले आहेत, तेही अर्जाआधीच तपासा.

तुमच्या शहरापुरतं आणखी एक. जर्सी सिटी राज्याच्या अर्बन एंटरप्राइझ झोनमध्ये येते. या झोनमधली नोंदणीकृत दुकानं पुष्कळ वस्तूंवर 6.625 टक्क्यांऐवजी निम्मा, म्हणजे 3.3125 टक्के विक्रीकर लावू शकतात. झोनचा पैसा राज्याचा असतो, त्यामुळे त्याची अटींची यादी हडच्या यादीपेक्षा वेगळी. दुकान हद्दीत आहे का ते पत्त्यावरून पाहून घ्या.

सिटी म्हणते बाहेरची भिंत, खिडक्या, सदोष वायरिंग यांना पैसे देऊ. आतल्या नव्या काउंटरला आणि टाइल्सना नाही. हा कुठला न्याय? ग्राहक आतच येतात ना!

न्याय नाही, नियम. सीडीबीजीच्या दुरुस्ती कलमाखाली खासगी, नफ्यासाठी चालणाऱ्या मालकाच्या व्यापारी इमारतीला पैसा देता येतो तो बाहेरच्या सुधारणांना, ॲसबेस्टॉस आणि शिशाच्या रंगाचा धोका काढायला, आणि बांधकाम नियमांचा भंग दुरुस्त करायला. वस्तीला सगळ्यांना दिसेल किंवा कुणाचा तरी जीव वाचेल, अशा कामाला सार्वजनिक पैसा, ही त्यामागची कल्पना. नवं काउंटर त्यात बसत नाही.

आतल्या कामाला आर्थिक विकासाच्या वेगळ्या कलमाखाली वाट आहे, पण तिथे सिटी तुमच्याकडून सहसा नोकऱ्यांचा हिशेब मागते: किती पूर्णवेळ जागा निर्माण होणार, आणि त्यातल्या निदान 51 टक्के कमी व मध्यम उत्पन्नाच्या लोकांसाठी का. घरच्या तिघांवर चालणाऱ्या दुकानाला ही आकडेमोड जड जाते. मी असतो तर बाहेरचं काम सिटीच्या कर्जावर आणि काउंटर एसबीएच्या मायक्रोलोनवर केलं असतं. ते 50,000 डॉलरपर्यंत मिळतं, फर्निचर आणि यंत्रांना चालतं. जागा विकत घ्यायला मात्र चालत नाही.

काँट्रॅक्टरने आधी एक एस्टिमेट दिलं. सिटीचं कर्ज आहे म्हटल्यावर त्याने आकडा वाढवला. हा आम्हाला फसवतोय का?

बहुधा नाही. फेडरल पैशाने अंशतः जरी बांधकाम झालं, तरी 2,000 डॉलरच्या वरच्या कंत्राटाला 1931चा डेव्हिस-बेकन कायदा लागतो. त्या भागातला ठरलेला वेतनदर प्रत्येक मजुराला द्यायचा, पगार दर आठवड्याला करायचा, आणि त्याचं सही केलेलं पत्रक सिटीला पाठवायचं. सिटीचं कर्ज खर्चाच्या चौथ्या हिश्श्याचं असलं तरी हे सगळ्या बांधकामाला लागतं. छोट्या काँट्रॅक्टरला मजुरीपेक्षा त्या कागदांचीच धास्ती असते, म्हणून तो आकडा वाढवतो किंवा फोन उचलणं बंद करतो.

काम लहान असेल तर हे नाकापेक्षा मोती जड होतं. 12,000च्या कामावर कमी व्याजाने वर्षाकाठी दोन-चारशे डॉलर वाचणार आणि मजुरी दोन हजारांनी वाढणार असेल तर बँकेचं कर्ज परवडलं. सिटीचा पैसा फक्त यंत्रखरेदीला वापरून बांधकाम स्वतःच्या पैशाने केलं तर बहुधा हा कायदा लागत नाही, पण असं करणार असाल तर सिटीकडून लेखी घ्या. आणि एस्टिमेट मागतानाच ‘हे डेव्हिस-बेकनचं काम आहे’ असं सांगा. नंतर कळलेला काँट्रॅक्टर निम्म्यात काम सोडतो, हे मी एकाहून अधिक वेळा पाहिलं आहे.

रोख पैसे देऊन ‘स्वस्तात’ काम उरकण्याचा विचार असेल तर तोही सोडा. बऱ्याच योजनांत पैसे काम झाल्यावर परत मिळतात. शिकागोचा स्मॉल बिझनेस इम्प्रूव्हमेंट फंड असाच चालतो. तिथे पैसा टिफ जिल्ह्यांच्या, म्हणजे वाढीव मालमत्ता कर त्याच भागाच्या विकासासाठी राखून ठेवणाऱ्या पट्ट्यांच्या करातून येतो आणि तो कर्ज नसून अनुदान आहे. बिल आणि वटलेला चेक दाखवल्याशिवाय परतफेड होत नाही. मधल्या काही महिन्यांचा खर्च कुठून भागवणार, याची सोय आधी लावा.

‘फर्गिव्हेबल’ कर्ज म्हणजे फुकटच ना? 25,000 मंजूर झाले आहेत. पण दोन-तीन वर्षांत दुकान विकून भारतात परतायचा विचार आहे.

मग फुकट नाही. साधारण पद्धत अशी की दर वर्षी ठरलेला हिस्सा माफ होतो. पाच वर्षांची मुदत असेल तर वर्षाला 5,000. पुरी दोन वर्षं भरल्यावर विकलंत तर 15,000 विक्रीच्या टेबलावरच कापून जातील, कारण इमारत तुमची असेल तर सिटीचा बोजा मालमत्तेवर नोंदलेला असतो. काही शहरं टप्प्याटप्प्याने माफ करत नाहीत: शेवटच्या दिवसापर्यंत पूर्ण रक्कम उभी, आणि मग एकदम शून्य. प्रॉमिसरी नोटमधलं, म्हणजे परतफेडीच्या लेखी वचनातलं, हे एकच वाक्य इंग्रजीत दोनदा वाचा.

हा बोजा मध्येच बँक बदलतानाही आडवा येतो. नव्या बँकेला पहिला हक्क हवा असतो, त्यासाठी सिटीने मागे सरकल्याचा कागद द्यावा लागतो, आणि त्याला आठवडे लागतात.

माफ झालेलं कर्ज करासाठी साधारणपणे उत्पन्न धरलं जातं, अपवाद आहेत. सीपीएला आत्ताच विचारा, एप्रिलमध्ये नको.

दाराशी दोन पायऱ्या आहेत. सिटी म्हणते, आतलं काम करताय तर रॅम्पही करा. हे कर्जातून जमेल का?

ताई, रॅम्प तर 1990च्या एडीए, म्हणजे अपंगांच्या हक्कांच्या कायद्यामुळे तसाही तुमच्या मागे आहे. ग्राहकांच्या मुख्य जागेत फेरफार केला की तिथपर्यंत जाणारी वाटही सुगम करावी लागते. तिचा खर्च मूळ कामाच्या 20 टक्क्यांच्या वर जात असेल तर त्या 20 टक्क्यांपर्यंतच काम करावं लागतं. कर्जातून रॅम्प बहुतेक ठिकाणी बसतो.

त्याच्या जोडीला कराची सवलत विसरू नका, फार कमी लोक घेतात. आदल्या वर्षी उलाढाल 10 लाख डॉलरपर्यंत, किंवा पूर्णवेळ माणसं 30पर्यंत असतील, तर 250च्या वरच्या आणि 10,250 पर्यंतच्या खर्चाचा निम्मा भाग थेट करातून वजा होतो. 8,250 खर्च केलेत तर 4,000 वाचले. रॅम्पची पावती मात्र बाकी कामापासून वेगळी करून घ्या.

एक एजंट सिटीच्या अर्जासाठी लागणारा ‘फेडरल नंबर’ काढून द्यायचे 600 डॉलर मागतोय. द्यावेत का?

नको. तो यूईआय नंबर सॅम डॉट गव्ह या सरकारी साइटवर मोफत मिळतो.

अर्ज नाकारला. फोनवर ‘क्रेडिटमुळे’ एवढंच सांगितलं. आता?

कारण लेखी मागा, तो तुमचा हक्क आहे. 1974चा समान पतसंधी कायदा धंद्याच्या कर्जालाही लागतो. तुमच्यासारख्या छोट्या धंद्याचा पूर्ण अर्ज हाती आल्यावर देणाऱ्याने 30 दिवसांत निर्णय कळवायचा असतो, आणि नकाराची नेमकी कारणं सांगायची असतात किंवा ती मागता येतील हे तरी कळवायचं असतं. ‘क्रेडिट’ या एका शब्दात जुना थकलेला हप्ता येतो, कमी उलाढाल येते आणि चुकीने दुसऱ्याच्या नावाची पडलेली नोंदही येते. तिसरी असेल तर ती दुरुस्त होते आणि अर्ज पुन्हा करता येतो.

दरम्यान जवळची सीडीएफआय, म्हणजे कम्युनिटी डेव्हलपमेंट फायनान्शियल इन्स्टिट्यूशन शोधा. कमी उत्पन्नाच्या वस्त्यांना कर्ज देण्यासाठीच या संस्था चालतात आणि 1994पासून त्यांच्यासाठी वेगळा फेडरल निधी आहे. त्यांचा व्याजदर सिटीपेक्षा चढा असेल, पण तिथला माणूस तुमच्याबरोबर बसून हिशेबाची वही लावतो. जाताना दोन वर्षांचे टॅक्स रिटर्न, चालू वर्षाचा नफा-तोटा, लीज आणि दोन एस्टिमेट घेऊन जा. त्यातलं चालू वर्षाचं पान सोडून बाकी सगळं घेऊन जाणारेच जास्त, आणि पहिली चकरही बहुधा त्या पानापायीच फुकट जाते.