बाथरूममधली रोपं : ओल पुरेशी आहे, उजेड कुठाय?

पाऊस लागला की बडोद्यातल्या नर्सऱ्या भरतात आणि बाथरूमसाठी एखादं रोप आपसूक घरी येतं. या वेळचे प्रश्न त्याच रोपांचे आहेत.

प्रश्न : अलकापुरीत फ्लॅट आहे. बाथरूमची खिडकी डक्टमध्ये, म्हणजे पाइपांसाठी सोडलेल्या अरुंद उभ्या पोकळीत उघडते. तीन महिन्यांत मनीप्लांट, पीस लिली आणि फर्न, तिन्ही गेली. पाणी एक दिवसही चुकवलं नव्हतं. काय कमी पडलं?

उजेड कमी पडला, आणि म्हणूनच पाणी जास्त झालं. रोप पाणी ओढतं ते पानांच्या कामासाठी. उजेड नसला की पानांचं काम मंदावतं, पाणी मातीतच साचतं, मातीतली हवा संपते आणि मुळं कुजतात. गेलेलं रोप कुंडीतून काढा आणि एक मूळ चिमटीत धरून हलकेच ओढा. वरचं आवरण सुटून बोटांना चिकटलं आणि मागे नुसता दोरा उरला, तर मूळ कुजलेलंच होतं. निरोगी मूळ फिकट असतं, हाताला घट्ट लागतं.

नवीन रोप आणण्याआधी भर दुपारी दिवा बंद करून बाथरूममध्ये वर्तमानपत्र वाचून बघा. बारीक अक्षर सहज लागलं, तर मनीप्लांट, झेडझेड (जाड, चकचकीत पानांचं रोप) आणि स्नेक प्लांट तग धरतील. फर्नला आणि पीस लिलीला याहून जास्त उजेड लागतो : पांढऱ्या कागदावर फूटभर उंचीवर हात धरला तर फिकट का होईना, सावली पडायला हवी. डक्टच्या खिडकीत ही सावली बहुधा पडत नाही.

अशा ठिकाणी सगळ्यात भरवशाचा उपाय अदलाबदलीचा. सारख्या आकाराच्या तीन कुंड्या ठेवा. एक आत, दोन गॅलरीतल्या उजळ सावलीत, आणि दर रविवारी पाळी बदला. आतून काढलेलं रोप थेट उन्हात ठेवलंत तर पानं भाजतील. अदलाबदल जमणार नसेल तर 9 ते 12 वॅटचा पांढरा एलईडी पानांच्या फूटभर वर, रोज 10 ते 12 तास. फिटिंग सीलबंद हवं आणि इलेक्ट्रिशियनकडूनच बसवून घ्या. ओल्या जागी एक्स्टेंशन बोर्ड अजिबात नको.

माती भुसभुशीत हवी : चार भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), तीन भाग गांडूळखत, दोन भाग पर्लाइट (नर्सरीत मिळणारे पांढरे, हलके खडे), एक भाग कोळशाचे बारीक तुकडे. पाणी वार ठरवून घालू नका. बोट दोन पेरं खोल घाला. तिथे कोरडं लागलं तरच पाणी. झेडझेड आणि स्नेक प्लांटची तर सगळी माती सुकू द्या.

प्रश्न : वाघोडिया रोडला बोअरचं पाणी आहे. स्पायडर प्लांटची टोकं तपकिरी होतात, पानांवर पांढरे डाग पडतात. खत वाढवू का?

मुळीच नको. खतही क्षारच असतं, त्याने भर पडेल. कुंडीच्या काठाला पांढरी कड धरली असेल, तर बोअरच्या पाण्यातले क्षार मातीत साठले आहेत. चार इंची कुंडीत साधारण अर्धा लिटर माती मावते; तिच्यातून दीड लिटर गोडं पाणी हळूहळू ओता आणि खाली निथळू द्या. हे दोन महिन्यांतून एकदा करा. पावसाचं पाणी उत्तम, एसीतून ठिबकणारंही चालतं. आरओचं वाया जाणारं पाणी मात्र घालू नका, त्यात मूळ पाण्याहून जास्त क्षार असतात. पानांवरच्या डागांसाठी अर्धा लिटर पाण्यात चमचाभर व्हिनेगर घालून मऊ फडक्याने पुसा, मग साध्या पाण्याने.

टोकांऐवजी अख्खी कड एका दिवसात करपली, तर फरशी कशाने धुतली ते आठवा. ॲसिडच्या वाफेने कोवळी पानं जळतात. ॲसिड वापरायच्या दिवशी कुंड्या बाहेर काढा आणि फरशी पूर्ण धुऊन वाळल्यावरच परत आणा.

प्रश्न : दांडिया बाजारात आमचं जुनं घर आहे. मोरीच्या फळीवर बाटलीत मनीप्लांट लावलाय. पाणी दर आठवड्याला बदलते, तरी अळ्या दिसतात.

पाणी बदलता, पण बाटली घासता का? डेंग्यूचा डास पाण्याच्या रेषेला लागून बाटलीच्या भिंतीवर अंडी चिकटवतो. ती कोरडी राहिली तरी महिनोन्‌महिने जगतात आणि नवीन पाणी लागताच फुटतात. म्हणून पाच-सहा दिवसांनी बाटली आतून ब्रशने घासा, मुळंही नळाखाली चोळून धुवा. तोंड रुंद असलेली बरणी घ्या, म्हणजे हात आत जाईल. काठाच्या फटीत कापूस बसवा. घरात रांगतं मूल किंवा मांजर असेल तर फळी उंचावर हवी : मनीप्लांट चावला तर तोंडाची आग होते.

प्रश्न : कारेलीबागेत भाड्याने राहतो. टाइल्सना भोक पाडता येत नाही. मांडणी कशी करू?

टॉवेलच्या दांडीला एस आकाराचे हूक लावा. हलक्या प्लास्टिकच्या चार इंची कुंड्या तिथे टांगा, पण दांडी भिंतीत घट्ट आहे ना, हे आधी ओढून बघा. भिजलेली कुंडी कोरडीपेक्षा बरीच जड असते. शॉवरच्या धारेपासून दोन फूट दूर ठेवा, नाहीतर साबणाचं पाणी मातीत जाईल.

दिसण्याचं म्हणाल, तर सहा छोट्या कुंड्या ओळीने मांडल्या की पसाराच दिसतो. आरशाशेजारी एकच उंच स्नेक प्लांट आणि वरून लोंबणारा एक मनीप्लांट पुरतो. आरशात त्यांची हिरवळ दुप्पट होते. पांढऱ्या टाइल्सपुढे गर्द पानं उठून दिसतात. गडद टाइल्स असतील तर पांढऱ्या रेघांचा स्पायडर प्लांट घ्या. साध्या मातीच्या कुंडीला ओलीत पांढरे चट्टे येतात, तिथे झिलईदार कुंडी बरी.

प्रश्न : गॅस गीझर आहे. खिडकीच्या जाळीत कुंड्या लावून ती झाकून टाकली तर चालेल?

नाही. जळणाऱ्या गॅसला हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग ना वास, आणि तो जीव घेतो. खिडकी आणि एक्झॉस्टचं तोंड मोकळंच ठेवा. रोप खिडकीखालच्या कट्ट्यावर, पानं जाळीपर्यंत पोचणार नाहीत इतकं छाटून ठेवा.