मैदानातले प्रश्न : दुसऱ्या गोलीची हाक

या महिन्याच्या टपालातली तीन पत्रं एकत्र घेतोय. पत्रं लिहिणाऱ्यांची एकमेकांशी ओळख नाही, तरी तिघांचं दुखणं एकच आहे : जागा एक आणि पोरं दोन.

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेत कोलंबसला शिकते. एप्रिलमध्ये तिनं विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉलच्या स्टेडियमचा व्हिडिओ पाठवला. माणसांनी खच्चून भरलेलं. म्हणाली, "बाबा, ही मॅच नाही, प्रॅक्टिस आहे." यांचा हंगाम सप्टेंबरच्या सुमाराला सुरू होतो म्हणे. मग एप्रिलात सराव कसला? आणि जो तो "यंदा क्वार्टरबॅक कोण?" एवढंच का विचारतो?
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : त्या स्टेडियमात मी बसलोय. २०१६ साली थोरल्या लेकीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघं कोलंबसला गेलो होतो. १६ एप्रिलला जावई मला घेऊन गेले. घोड्याच्या नालेच्या आकाराचं स्टेडियम, आणि त्या दिवशी प्रेक्षकांचा आकडा होता १,००,१८९. एकाच कॉलेजची पोरं दोन गटांत वाटून आपसात खेळतायत आणि बघायला लाख माणूस! आपल्या कोल्हापुरात पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ हे फुटबॉल संघ समोरासमोर आले की शाहू स्टेडियमकडं पेठाच्या पेठा कशा लोटतात ते मी लहानपणापासून बघितलंय. पण सरावासाठी एवढी माणसं घर सोडून येतात हे डोळ्यांनी बघूनही खरं वाटेना.

आधी खेळ समजून घ्या. हा आपला फुटबॉल नाही. चेंडू लांबट, हातात धरून पळायचा नाहीतर फेकायचा. ११ विरुद्ध ११, मैदान १०० यार्डांचं. चार प्रयत्नांत १० यार्ड पुढं सरकायचं. सरकलात तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात. प्रत्येक प्रयत्नानंतर खेळ थांबतो आणि नव्यानं सुरू होतो. मधला गडी वाकून दोन पायांतून चेंडू मागं देतो, तो घेणारा क्वार्टरबॅक. चेंडू हातात आल्यापासून साधारण अडीच सेकंदांत त्याला ठरवावं लागतं : फेकायचा, शेजारच्याच्या हातात द्यायचा, की स्वतः पळायचं. तेवढ्यात सव्वाशे किलोची माणसं त्याच्या अंगावर आलेली असतात. एवढा भार एकाच गड्यावर आपल्या कुठल्याही खेळात नाही. आपल्याकडं त्याच्या जवळ जाणारा म्हणाल तर फुटबॉलमधला गोली, म्हणजे गोलरक्षकच. दोघांची जागा एकेकच, आणि दोघांची चूक लपत नाही.

आता एप्रिलचं. त्यांचा हंगाम ऑगस्टअखेरीपासून डिसेंबर-जानेवारीपर्यंत. तो संपला की शेवटच्या वर्षाची पोरं बाहेर पडतात, जागा रिकाम्या होतात. शाळा लवकर आटोपून जानेवारीतच दाखल झालेली नवी पोरंही असतात. या सगळ्यांना घेऊन वसंतात नियमानं १५ सराव घेता येतात, जास्त नाही. ऑगस्टच्या सरावात कोचच्या डोक्यात पहिला प्रतिस्पर्धी बसलेला असतो. वसंतात समोर कुणीच नसतं, म्हणून तो निवांत पोरं बघतो. कुणाला पहिल्या फळीबरोबर किती वेळा खेळवलं याचा हिशेब ठेवला जातो, कारण दिवसभरात संधी मोजक्याच असतात. एकाला दिली की दुसऱ्याची गेली.

मला त्या दिवशी सगळ्यात जास्त भावलं ते वेगळंच. क्वार्टरबॅक चेंडू मागतो तो आवाजानं. त्याच्या पुकाऱ्याच्या लयीवर पुढची सगळी रांग एकदम उसळते. एखादा गडी अर्धा क्षण आधी हलला तरी दंड होतो, पाच यार्ड मागं जावं लागतं. म्हणजे संघाला त्या पोराचा आवाज कानात मुरवून घ्यावा लागतो. मला विचाराल तर ते १५ दिवस मुख्यतः याच कामाचे.

मुलीला एक सांगा. एप्रिलातल्या त्या खेळावरून हिरो ठरवू नको. सरावात क्वार्टरबॅकला वेगळ्या रंगाचा अंगरखा देतात, त्याला कुणी आडवं पाडायचं नसतं. अंगाला हात लागला की शिट्टी. मार बसणारच नाही हे ठाऊक असताना चेंडू सुंदर फेकणारे पुष्कळ असतात. मार बसल्यानंतरची पुढची फेक कशी पडते हे सप्टेंबरातच कळतं.

आणि हे लिहिताना राहवत नाही म्हणून सांगतो. आपल्या कॉलेजांत आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा आठ दिवसांवर आली की सूचना लागते, पोरं गोळा होतात, दोन सराव सामने होतात आणि संघ निघतो. या आठ दिवसांत कोण चांगला हे ठरत नाही, कोण ओळखीचा एवढंच ठरतं. फुटबॉलवर जीव टाकणाऱ्या या गावाला हे शोभत नाही.

प्रश्न : मी मंगळवार पेठेत राहतो. वय १९, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजच्या संघात मी दुसरा गोली. पहिला गोली माझ्याच वर्गातला आहे. सर दोन वर्षं म्हणतायत, "थांब, संधी येईल." दुसऱ्या एका कॉलेजचे सर म्हणतात, "आमच्याकडं ये, पहिल्या दिवसापासून तूच." घरचे म्हणतात, आधी डिग्री. मला रात्री झोप लागत नाही. काय करू?
– एक खेळाडू

उत्तर : बाळा, मीही दोन वर्षं दुसरा गोली होतो. त्यामुळं तुझ्या झोपेचं मला कळतं.

१९८० च्या आसपासची गोष्ट. आमचे कोच माझ्याशी कधीच काही बोलले नाहीत. जिमखान्याच्या फळ्यावर यादी लागायची आणि त्यात माझं नाव कुठं आहे ते बघून मी घरी जायचो. सरावात पहिल्या गोलीसमोर बॅक, म्हणजे बचावाचे गडी, उभे राहायचे. मी पलीकडच्या गोलात एकटा, नव्या पोरांचे फटके अडवत. मग उपांत्य सामन्यात पहिल्या गोलीचा अंगठा निखळला आणि मला आत पाठवलं. दहा मिनिटांत कॉर्नर आला. चेंडू माझा होता. मी पुढं येऊन जीव तोडून ओरडलो, "माझा! सोड!" आमच्या बॅकनं सोडला नाही. त्यानं उडी मारली, आम्ही दोघं आदळलो आणि चेंडू मागं पडला. समोरच्यानं तो नुसता आत ढकलला. एक-शून्यनं हरलो. नंतर तो बॅक मला म्हणाला, "मला वाटलं समोरचा कोणतरी ओरडतोय." दोन वर्षं एका संघात होतो, पण माझी हाक त्याच्या ओळखीची नव्हती. त्याला मी दोष दिला नाही. आमच्या बॅकच्या पाठीमागं मला उभं करून एकदाही सराव घेतला नव्हता, हा दोष माझा नव्हता आणि त्याचाही नव्हता.

म्हणून तुझ्या सरांना तू आधी विचारायचं ते हे. सामन्याच्या दिवशी नको, सराव संपल्यावर, एकटा जाऊन. "सर, मी कशात कमी पडतोय?" आणि "आठवड्यातून एक दिवस मला पहिल्या बॅकच्या मागं उभं कराल का?" पहिल्या प्रश्नाला त्यांनी नेमकं उत्तर दिलं, म्हणजे तुझी लाथ आखूड पडते, उंच चेंडूला तू उशिरा निघतोस, असं काही, तर ते तुझ्याकडं बघतायत असं समज. दोन महिने त्यावर घाम गाळ. नुसतं "थांब" असंच उत्तर पुन्हा आलं, तर तेही उत्तरच आहे.

आता जाण्याबद्दल. वर ज्या स्टेडियमची गोष्ट सांगितली, त्याच संघात २०१६ साली जो बरो नावाचा एक क्वार्टरबॅक होता. मी त्याच्याकडं लक्षही दिलं नव्हतं, कारण जागा दुसऱ्याची होती. बरो तिथं तीन वर्षं राहिला. सगळ्या सामन्यांत मिळून त्यानं पास फेकले ३९. मधे एकदा हंगामाच्या तोंडावर हाताचं हाड मोडलं. २०१८ च्या वसंतात जागा रिकामी झाली तेव्हा त्याच्यासमोर ड्वेन हॅस्किन्स उभा होता. १५ सराव झाले तरी कोचनी नाव जाहीर केलं नाही, पण वारा कुठं वाहतोय हे बरोला कळलं. तोवर त्यानं पदवी पूर्ण केली होती. हे नीट वाच : पदवी पूर्ण केली होती. पदवीधर म्हणून त्याला नव्या विद्यापीठाकडून लगेच खेळता येणार होतं. तो लुइझियानाला गेला. पहिलं वर्ष बेताचंच गेलं. २०१९ मध्ये मात्र त्यानं ६० टचडाउन पास (आपल्या भाषेत थेट गोल करून देणाऱ्या फेकी) फेकले, संघानं १५ पैकी १५ सामने जिंकले, कॉलेज खेळाडूचा सगळ्यात मोठा मान, हाइझमन, त्याला मिळाला, आणि व्यावसायिक संघांच्या निवडीत २०२० साली पहिलं नाव त्याचं पुकारलं.

ही गोष्ट सांगून लोक थांबतात आणि कोचला मूर्ख ठरवतात. तू तसं करू नको. हॅस्किन्सनं २०१८ च्या त्या एका हंगामात ५० टचडाउन पास फेकले. कोच चुकले नव्हते. दोघंही मोठे होते आणि जागा एकच होती. तो हॅस्किन्स पुढं २०२२ मध्ये रस्त्यावरच्या अपघातात गेला, २४ व्या वर्षी. त्याची आठवण बरोच्या गोष्टीतला अडथळा म्हणून काढली जाते, याचं मला वाईट वाटतं. तुझा वर्गमित्र पण तुझ्या वाटेतला दगड नव्हे. पहाटे मैदानावर दोघं जा, तू त्याला फटके मार, तो तुला मारेल. खासबागेत उतरणारा पैलवानसुद्धा तयार होतो तो तालमीतल्या जोडीदारावरच.

माझं मत स्पष्ट सांगतो. बी.कॉम. मधेच सोडून किंवा वर्ष वाया घालवून जाऊ नको. जायचंच तर तिसरं वर्ष पूर्ण करून, पुढच्या शिक्षणासाठी प्रवेश घेताना जा. त्याआधी कॉलेज बदलल्यावर विद्यापीठाच्या स्पर्धेत खेळता येतं का, हे जिमखान्यात जाऊन लेखी विचारून घे. आणि "पहिल्या दिवसापासून तूच" म्हणणाऱ्या सरांना विचार, की असंच त्यांनी आणखी कुणाला सांगितलंय का. तोवर पेठेतल्या लहान संघाकडून खेळ. गोलीला ९० मिनिटं गोलात उभं राहिल्याशिवाय काही येत नाही, संघ लहान असला तरी चालेल.

घरी आईला हे पत्र वाचून दाखव. तिची बाजूही मी घेतलीय, तिला बरं वाटेल.

प्रश्न : मी कॉलेजात शारीरिक शिक्षण शिकवतो. यंदा माझ्याकडं दोन गोली अगदी तोडीस तोड आहेत. आलटून पालटून खेळवावं का? कुणालाच नाराज करायचं नाही.
– एक शिक्षक, गडहिंग्लज

उत्तर : सर, नाराज कुणालाच करायचं नाही म्हणालात, तिथंच गाडं अडलंय. एक जण नाराज होणारच.

पालट करून बघितलेली मोठी माणसं आहेत. १९९९ साली मिशिगन विद्यापीठात टॉम ब्रेडी आणि ड्रू हेन्सन असे दोन क्वार्टरबॅक होते. कोचनी ठरवलं, सामन्याच्या चार भागांपैकी पहिला ब्रेडी, दुसरा हेन्सन, आणि मध्यंतराला जो बरा वाटेल तो पुढं. ही रीत हंगामभर टिकली नाही, शेवटी ब्रेडीच राहिला. बॅकला प्रत्येक सामन्यात वेगळी हाक ऐकायला लागली, तर तो दोन्ही हाकांना कचरतो. लीगचे सामने एकाला, बाद फेरीचे दुसऱ्याला, अशी वाटणी आधी सांगून केली तर गोलीच्या बाबतीत चालू शकते. रोज सकाळी मनात येईल तसं नको.

तुम्ही बघावं ते अलाबामा विद्यापीठाचं उदाहरण. जेलन हर्ट्स तिथला पहिला क्वार्टरबॅक, २८ सामन्यांत २६ विजय. ८ जानेवारी २०१८ ला अजिंक्यपदाच्या सामन्यात, जॉर्जियाविरुद्ध, मध्यंतराला संघ १३-० नं मागं होता. कोचनी हर्ट्सला बसवलं आणि पहिल्या वर्षाच्या तुआ टागोवायलोआला उतरवलं. पोरानं २६-२३ असा सामना काढला. सगळ्या देशासमोर बसवलेला हर्ट्स बाकावरून उठून त्याचं कौतुक करत होता. पुढचा हंगाम तो त्याच संघात दुसरा म्हणून राहिला, सराव करत. डिसेंबर २०१८ मध्ये पुन्हा जॉर्जिया, पुन्हा तेच अटलांटाचं स्टेडियम, शेवटचा भाग चालू, संघ सात गुणांनी मागं, आणि तुआ जखमी. हर्ट्स आत गेला. एक टचडाउन पास फेकला, एकदा स्वतः पळाला, ३५-२८. त्यानं पदवी घेतली, मग दुसरीकडं गेला, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये फिलाडेल्फियाकडून सुपर बोलचा, म्हणजे व्यावसायिक अजिंक्यपदाच्या सामन्याचा, सर्वोत्तम खेळाडू ठरला.

त्या दिवशी हर्ट्सच्या पुकाऱ्यावर पुढची रांग बरोबर उसळली, कारण आठवड्यांमागून आठवडे ती त्याचाही आवाज ऐकत होती. हे कोचचं काम आहे, सर, नशिबाचं नाही.

तेव्हा एक निवडा. फळ्यावर यादी लावण्याआधी दुसऱ्याला बोलावून तोंडावर सांगा, कारणासकट. रडला तर रडू द्या. मग आठवड्यातला एक पूर्ण सराव पहिल्या बॅकसह त्याचाच. आणि परीक्षा अशी घ्या : चारही बॅकना गोलाकडं पाठ करून उभं करा, मागून दोन्ही गोलींना पाळीपाळीनं "माझा!" अशी हाक मारू द्या, आणि बॅकना न वळता सांगू द्या कुणी मारली. दहापैकी दहा वेळा ओळखेपर्यंत संघ बसमध्ये चढवू नका.