मुलगी अमेरिकेत शिकतेय, मग कॅनडाच्या इतिहासाची लेक्चर्स कशाला?

नमस्कार दादा,

सांगलीहून आलेलं तुमचं पत्र वाचलं. मुलगी अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात बेलिंगहॅमला वेस्टर्न वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीत एन्व्हायर्नमेंटल सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे, सध्या कॅनडाचा इतिहास, तिकडची संस्कृती, बॉर्डर असल्या कार्यक्रमांना जाऊन बसते, आता म्हणते मायनर, म्हणजे जोडविषयपण त्यातच करते, आणि तुम्ही विचारताय की एवढं लोन काढलं ते ह्यासाठी का. काळजी रास्त आहे, पण तिला थांबवू नका.

बेलिंगहॅमहून कॅनडाची बॉर्डर गाडीने अर्ध्या तासावर, म्हणूनच तिथे कॅनडा-अमेरिका अभ्यासाचं सेंटर आहे आणि बॉर्डरच्या धोरणांवर रिसर्च करणारी वेगळी संस्थाही. आणि हा इतिहास आपल्याला परका नाही हो. ४ सप्टेंबर १९०७ ला त्याच बेलिंगहॅममध्ये लाकडाच्या मिलमधल्या पंजाबी कामगारांना जमावाने मारहाण करून हुसकावलं, बरेच जण कॅनडात गेले तर तीनच दिवसांनी व्हँकुव्हरला चिनी-जपानी वस्तीत दंगल, आणि १९१४ ला ३७६ भारतीय प्रवाशांचं कोमागाता मारू जहाज दोन महिने तिथल्या बंदरात अडवून बहुतेकांना परत पाठवलं.

आता तिच्या विषयाचं. नूकसॅक नदी अमेरिकेतली, पण नोव्हेंबर २०२१ च्या पुरात तिचं पाणी उत्तरेला वळून बॉर्डरपलीकडे ॲबट्सफर्डच्या शेतांत घुसलं. तिथे पूर्वी सुमास नावाचा मोठा तलाव होता, १९२० च्या दशकात तो उपसून शेतजमीन काढली आणि तलावावर जगणाऱ्या मूळ रहिवाशांचं जगणंच गेलं. म्हणजे पाण्याचं गणित येऊनही भागत नाही, तलाव कुणासाठी उपसला, आता बांध कुठल्या देशाने बांधायचा, हे इतिहासात शिरल्याशिवाय कळतच नाही. २०१९ च्या पुरात अलमट्टी धरणातून विसर्ग किती चाललाय ह्याकडे डोळे लावून बसलेल्या सांगलीकराला हे मी वेगळं काय सांगू! दोन्ही देशांत सीमेवरच्या पाण्याचा करार १९०९ पासून आहे, त्यातून निघालेलं इंटरनॅशनल जॉइंट कमिशन आजही काम करतं, ह्या विषयावर एखाद्या कार्यक्रमात कुणी बोलणार असेल तर तिने पहिल्या रांगेत बसावं.

फक्त मेजर, म्हणजे मुख्य विषय, बदलू देऊ नका. एन्व्हायर्नमेंटल सायन्स स्टेममध्ये, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विषयांत, धरलं जात असेल तर १२ महिन्यांच्या ओपीटीवर (शिक्षणानंतर तिथे काम करायची परवानगी) आणखी २४ महिने मिळू शकतात, नुसत्या इतिहासावर ते मिळत नाहीत, हे तिने इंटरनॅशनल ऑफिसात आत्ताच विचारून ठेवावं. नुसत्या लेक्चर्सना बसून नोकरी लागत नाही हेही खरं, तिकडच्या फेडरल सरकारी नोकऱ्यांना सहसा नागरिकत्व लागतं, त्यामुळे नजर कन्सल्टन्सी, नदी-समुद्रावर काम करणाऱ्या संस्था, नाहीतर बॉर्डरपलीकडे कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात मास्टर्स इकडे ठेवा. त्यासाठी ह्याच कार्यक्रमांत भेटणाऱ्या प्रोफेसरांपैकी एकाला गाठून नूकसॅकच्या पुरावर छोटा प्रोजेक्ट मागावा, जीआयएस, म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशे करायचं तंत्र, शिकावं, नकाशे स्वतः करावेत, शिफारसपत्रही मग तिथूनच मिळतं.

आणि एक, फील्ड ट्रिप पलीकडे जाणार असेल तर भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा आधी काढावा लागतो आणि परत येताना आय-२० वर (युनिव्हर्सिटीने व्हिसासाठी दिलेला कागद) ट्रॅव्हलची सही लागते, ट्रिपच्या आठवड्यात धावपळ करून हे होत नाही. मायनरमुळे डिग्री लांबली तर फी वाढेल, म्हणून तिला उरलेल्या क्वार्टर्सचा (तिथल्या सत्रांचा) क्रेडिट प्लॅन मला पाठवायला सांगा, सगळं वेळेत बसतंय का ते बघून कळवतो.