शाळेच्या कारभाराची चौकशी: दप्तर कोणाच्या हातात?

प्रश्न : आमच्या जिल्हा परिषद शाळेच्या छपराच्या दुरुस्तीचं काम व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांच्या पाहुण्यालाच मिळालं. पहिल्याच पावसात खोली गळली. तक्रार केली, तर पंचायत समितीने मुख्याध्यापकांकडूनच अहवाल मागवला. आता काय करायचं? (पालक, माण तालुका)

समितीचं बँक खातं अध्यक्ष आणि मुख्याध्यापक यांच्या संयुक्त सहीने चालतं, आणि समितीचे सचिवही मुख्याध्यापकच. ज्यांच्या सहीने चेक गेला त्यांनाच ‘चेक बरोबर गेला का?’ असं विचारलंय. उत्तर ठरलेलंच.

‘निःपक्ष चौकशी व्हावी’ एवढंच लिहिलेला अर्ज साताऱ्याहून दहिवडीला पंचायत समितीत, तिथून केंद्रप्रमुखांकडे आणि शेवटी शाळेतच येतो. म्हणून अर्ज जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या नावे द्या, प्रत शिक्षणाधिकारी (प्राथमिक) यांना. चौकशी कोणी करावी हेही त्यातच मागा: दुसऱ्या तालुक्याचे विस्तार अधिकारी, वित्त विभागाचा एक माणूस आणि दुसऱ्या उपविभागाचा अभियंता. अभियंत्यावर अडून बसा. बिलात बावीस पत्रे आणि छपरावर चौदा, हे टेबलावर बसून कोणालाच दिसत नाही.

दुसरी मागणी, पहिल्याच दिवशी दप्तर ताब्यात घ्या: इतिवृत्त वही, कॅशबुक, पासबुक, व्हाउचर, दरपत्रकं, मोजमाप पुस्तक. उशीर झाला की वही ‘सापडत नाही’, नाहीतर ठरावाखालच्या मोकळ्या जागेत दोन ओळी वाढतात. तिन्ही दरपत्रकं एकाच हस्ताक्षरात असली, तर तेवढ्यावरच अर्धी चौकशी होते. अर्जात ‘पैसे खाल्ले’ असं लिहू नका, बदनामीची नोटीस येईल. व्हाउचरची तारीख, रक्कम आणि प्रत्यक्ष काय दिसतं, एवढंच लिहा. पोच शिक्का मारून घ्या.

महिनाभर हालचाल नसेल तर जिल्हाधिकारी कार्यालयातला तक्रारी ऐकण्याचा लोकशाही दिन आहे, महिन्याचा पहिला सोमवार. विहित नमुन्यातला अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. बरेच जण त्याच दिवशी कागद घेऊन जातात नि परततात. आणि एक: समितीत ७५ टक्के सदस्य पालकच असतात. विशेष सभा मागून चौकशीचा ठराव करून घेतलात, तर अर्ज एकट्यादुकट्याचा राहत नाही.

प्रश्न : आमच्या खासगी अनुदानित संस्थेत इमारत निधी बिनपावतीने घेतात. पालक म्हणून धर्मादाय आयुक्तांकडे जाता येईल का? (तासगाव)

येईल, पण एक अडचण आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१-ब खाली चौकशी मागता येते आणि ४१-ड खाली विश्वस्ताला निलंबित किंवा दूरही करता येतं. मात्र तक्रार ‘हितसंबंध असलेल्या व्यक्तीची’ लागते, आणि नोंदणीकृत सोसायटीच्या बाबतीत कायद्याच्या व्याख्येत सभासद येतो. संस्थेचा वकील पहिला आक्षेप हाच घेणार. म्हणून एका तरी सभासदाची सही मिळवा आणि अर्जातच ‘स्वतःहून चौकशी सुरू करावी’ अशी पर्यायी विनंती करा. आयुक्तांना तो अधिकार आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या काळात याच भागात घरोघरच्या मूठभर धान्यावर वसतिगृहं चालली. आज देणगीदाराच्या वारसालाही हिशेब विचारताना सभासदत्वाची पावती शोधावी लागते!

अर्जाआधी सांगलीच्या धर्मादाय कार्यालयातून दोन कागदांच्या प्रमाणित प्रती काढा: परिशिष्ट एकचा (संस्थेच्या नोंदणीचा) उतारा आणि लेखापरीक्षण अहवाल. उताऱ्यावर विश्वस्त म्हणून कोणाची नावं आहेत ते बघा. नवे लोक कारभार करतात नि नोंदीत जुनेच असतात, हे नेहमीचं. बदल झाल्यापासून ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो. लेखापरीक्षकाला ठरावीक मुद्द्यांची उत्तरं द्यावी लागतात: जमाखर्च नीट दाखवलाय का, रोकड आणि व्हाउचर जुळतात का, ५,००० रुपयांवरच्या दुरुस्ती-बांधकामाला निविदा मागवल्या का. तुमचा इमारत निधी जमेत दिसतच नसेल, तर पैसे दिलेल्या दहा पालकांची प्रतिज्ञापत्रं आणि तो अहवाल शेजारी ठेवा.

प्रवेशासाठी म्हणून पैसे घेतले असतील तर प्रकरण वेगळं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ नुसार दंड घेतलेल्या रकमेच्या दहा पटींपर्यंत होऊ शकतो.

प्रश्न : माहिती अधिकारात हिशेब मागितला. ‘आम्ही खासगी आहोत’ म्हणून संस्थेने अर्ज परत केला. (कोरेगाव)

शासनाच्या पैशावर मोठ्या प्रमाणात चालणारी संस्था या कायद्यात येते, तेव्हा नकाराविरुद्ध ३० दिवसांत प्रथम अपील करा. सोबत दुसरा अर्ज शिक्षणाधिकारी (माध्यमिक) यांच्याकडे टाका. वेतन अनुदानाची आणि शिक्षक मान्यतेची कागदपत्रं त्यांच्याकडे असतातच. अर्ज एका विषयाचा, १५० शब्दांच्या आत आणि दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून. ‘सर्व व्यवहारांची माहिती’ मागू नका. वर्ष आणि कागदाचं नाव लिहा.

प्रश्न : शिक्षक भरतीसाठी संस्थेचे संचालक पैसे मागतात. चौकशी समितीची मागणी करू का? (जत)

नको. समिती बसेपर्यंत संबंधित सावध होतात. पैसे देण्याआधी लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला १०६४ वर कळवा; सापळा मागणी चालू असतानाच लागतो. अनुदान घेणाऱ्या शैक्षणिक संस्थेचा पदाधिकारी भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याखाली लोकसेवक ठरतो, त्यामुळे ‘मी सरकारी नोकर नाही’ ही पळवाट चालत नाही. जबरदस्तीने पैसे द्यावे लागले असतील तर सात दिवसांच्या आत कळवा, नाहीतर देणाराही आरोपी होतो.

प्रश्न : निनावी तक्रार चालेल का? मुलाचा दाखला अडवतील अशी भीती आहे. (वाळवा)

निनावी कागद बहुधा दप्तरी लागतो. चार-पाच पालकांनी मिळून सह्या करा. दाखल्याचं म्हणाल, तर आठवीपर्यंत तो मागितल्याबरोबर देणं मुख्याध्यापकांवर बंधनकारक आहे. अडवला तर त्याची तक्रार वेगळ्या अर्जाने करा, मूळ अर्जात घुसडू नका.