गिअरबॉक्स बसवला, इंजिन बंद असताना सगळे गिअर पडतात. चालू केलं की एकही पडत नाही आणि रिव्हर्सला कर्रकर्र होतं. चूक कुठे?

गिअरबॉक्स उघडू नका. तो जवळजवळ नक्की निर्दोष आहे. क्लच पूर्ण सुटत नाहीये, म्हणजे पेडल दाबूनही इंजिन गिअरबॉक्सपासून वेगळं होत नाहीये.

आधी खात्री करा. इंजिन बंद, इंजिन ज्यांना फिरवतं ती दोन्ही चाकं वर उचलून गाडी स्टँडवर (नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका), पहिला गिअर टाका. कुणाला तरी क्लच पूर्ण दाबून धरायला सांगा आणि प्रॉपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा) किंवा दोन्ही चाकं एकाच वेळी एकाच दिशेने हाताने फिरवा. फिरलं नाही, तर क्लच अडकतोय.

हायड्रॉलिक क्लच असेल तर बहुतेक वेळा पाइपात हवा असते. नीट ब्लीड करा, म्हणजे ती हवा बाहेर काढा, आणि पेडल दाबताना फोर्क (क्लच सोडवणारा दांडा) किती सरकतो ते डोळ्यांनी पाहा. केबलचा असेल तर ढिलाई तपासा.

फोर्क भरपूर सरकूनही क्लच सुटत नसेल तर बॉक्स पुन्हा उतरवावा लागेल. क्लच प्लेट उलटी बसली आहे का बघा. बऱ्याच प्लेटवर फ्लायव्हीलची (इंजिनच्या टोकाच्या जड चाकाची) बाजू छापलेली असते. आणि आठवून पाहा, बसवताना शेवटचा सेंटिमीटरभर बॉक्स बोल्ट आवळून आत ओढला होता का? किंवा त्याचं वजन इनपुट शाफ्टवर (बॉक्समधून पुढे येऊन क्लच प्लेटमध्ये शिरणाऱ्या दांड्यावर) लोंबकळत राहिलं होतं? तसं असेल तर प्लेट वाकली असेल किंवा पायलट बेअरिंग (त्या शाफ्टचं टोक धरणारं छोटं बेअरिंग) चेपलं असेल. माझा पहिला संशय तिथेच. नवी प्लेट टाका आणि या वेळी प्लेट बरोबर मध्यभागी धरणारं सेंटरिंग टूल वापरा.