रिचर्ड पोस्ट यांचे तरंगते चुंबक

प्रश्न : अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड पोस्ट यांचे नाव ‘इंडक्ट्रॅक’ या तरंगत्या रेल्वेच्या संदर्भात वाचले होते. अणुसंमीलन आणि ऊर्जा साठवणारे फ्लायव्हील या विषयांतही त्यांनी आयुष्यभर काम केले, असे नंतर कळले. इतक्या दूरदूरच्या विषयांना जोडणारे काही सूत्र होते का? आणि त्यांची गाडी विजेशिवाय तरंगते, हे कितपत खरे मानावे? – एक वाचक, पुणे

उत्तर : सूत्र होते, आणि माझ्या मते ते स्थैर्याचे होते. चुंबकीय क्षेत्राने एखादी वस्तू अधांतरी धरता येते. परंतु ती तेथे टिकून राहील याची हमी कशी द्यायची, या एकाच प्रश्नाची तीन रूपे पोस्ट यांनी हाताळली. 1918 साली कॅलिफोर्नियात जन्मलेल्या पोस्ट यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली. 1952 मध्ये अमेरिकी सरकारची लिव्हरमोर ही संशोधन प्रयोगशाळा स्थापन झाली, तेव्हापासून ते तेथे होते. नळीच्या दोन्ही टोकांना चुंबकीय क्षेत्र तीव्र करून अणुसंमीलनासाठी लागणारा अतितप्त प्लाझ्मा (विद्युतभारित कणांचा वायू) मध्यभागी कोंडून ठेवण्याची ‘चुंबकीय आरसा’ पद्धत हे त्यांचे पहिले कार्यक्षेत्र. त्या पद्धतीचे सुमारे 37 कोटी डॉलर खर्चून उभारलेले प्रचंड यंत्र 1986 मध्ये पूर्ण झाले आणि निधी आटल्यामुळे एकदाही न चालवता बंद करण्यात आले. दुसऱ्या कोणी तेथेच उमेद सोडली असती.

तरंगत्या गाडीची कल्पना मात्र रेल्वेच्या विचारातून आलेली नाही. ती फ्लायव्हीलच्या, म्हणजे फिरण्याच्या रूपात ऊर्जा साठवणाऱ्या चाकाच्या, बेअरिंगमधून आली. वेगाने फिरणाऱ्या चाकाला घर्षण नको असेल, तर त्याचा आस चुंबकांवर तोलायला हवा. परंतु केवळ स्थिर कायमचुंबकांच्या बळावर एखादी वस्तू स्थिरपणे तरंगत ठेवता येत नाही, हे ब्रिटिश गणितज्ञ सॅम्युएल अर्नशॉ यांनी 1842 मध्येच सिद्ध केले होते. यातून सुटण्याचे नेहमीचे मार्ग दोन : शांघायच्या मॅग्लेव्ह या चुंबकांवर तरंगणाऱ्या रेल्वेप्रमाणे गाडीतील विद्युतचुंबकांचा प्रवाह क्षणोक्षणी नियंत्रित करायचा, किंवा जपानी गाडीप्रमाणे अतिशीत अतिसंवाहक (विजेला रोध न करणारी) वेटोळी वापरायची. पोस्ट यांनी तिसरा मार्ग धरला. अर्नशॉ यांचा सिद्धान्त स्थिर चुंबकांना लागू होतो, फिरत्या वा सरकत्या चुंबकाने जवळच्या वेटोळ्यात प्रवर्तित केलेल्या प्रवाहाला नव्हे. चुंबकांच्या दिशा ठरावीक क्रमाने वळवत रचले, की क्षेत्र एका बाजूला बळकट होते आणि दुसऱ्या बाजूला जवळजवळ नाहीसे होते. क्लाउस हालबाख यांनी ही रचना कणप्रवेगकांसाठी विकसित केली होती. पोस्ट यांनी ती गाडीच्या तळाशी बसवली आणि मार्गात तारेची बंद वेटोळी अंथरली. गाडी खाली येऊ लागली, की वेटोळ्यांतील प्रवाह वाढतो आणि तिला वर ढकलतो. संगणकाची वा संवेदकांची गरज राहत नाही.

आता विजेचा मुद्दा. तरंगण्यासाठी वेगळा वीजपुरवठा लागत नाही, एवढाच दावा खरा आहे. वेटोळ्यांत प्रवाह निर्माण होताना गाडीला मागे ओढणारे बलही निर्माण होते, आणि त्यावर मात करणारी ऊर्जा गाडी पुढे नेणाऱ्या मोटरलाच पुरवावी लागते. म्हणजे तरंगणे फुकटचे नाही, त्याची किंमत पुढे जाण्याच्या खात्यातून वळती होते. कमी वेगात ही ओढ अधिक असते आणि वेग वाढत गेला की ती घटते. गाडी थांबलेली असताना उचल शून्य असल्याने चाके लागतातच. वीज अचानक गेली, तरी गाडी हळूहळू मंदावत शेवटी चाकांवर उतरते, हा गुण मला वेगापेक्षा महत्त्वाचा वाटतो. सॅन दिएगो येथे जनरल ॲटॉमिक्स कंपनीने याच तत्त्वावर चाचणीमार्ग उभारला. प्रवासी वाहतूक मात्र सुरू झाली नाही. मार्गाच्या संपूर्ण लांबीत वेटोळी बसवण्याचा खर्च हा त्यातला उघड अडसर आहे.

प्रश्न : फ्लायव्हील इतके उपयुक्त असेल, तर ते मोटारीत का आले नाही? – एक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : पोस्ट यांनी डिसेंबर 1973 मध्ये आपल्या मुलासह लिहिलेल्या लेखात मोटारीचीही कल्पना मांडली होती. चाकाचे वजन दुप्पट केले तर ऊर्जेचा साठा दुप्पट होतो. वेग दुप्पट केला तर चौपट. चाक किती वेगाने फिरवता येईल हे पदार्थाच्या ताण सोसण्याच्या क्षमतेवर आणि घनतेवर अवलंबून असते, म्हणून जड पोलादापेक्षा हलके, मजबूत तंतू वापरावेत, असा त्यांचा युक्तिवाद होता, आणि तो बरोबर होता. अडचण आसपासच्या गोष्टींची आहे : निर्वात पेटी, चाक फुटल्यास तुकडे अडवणारे मजबूत कवच आणि वळणावर जाणवणारा घूर्णनदर्शी परिणाम, म्हणजे फिरत्या चाकाचा आपल्या आसाची दिशा बदलण्यास होणारा विरोध. त्यातच लिथियम बॅटऱ्या स्वस्त होत गेल्या. वीजपुरवठ्याच्या जाळ्याची (ग्रिडची) वारंवारता सावरण्यासारख्या, काही मिनिटांत पुन्हापुन्हा ऊर्जा घेण्या-देण्याच्या कामात मात्र फ्लायव्हील टिकून आहे. न्यूयॉर्क राज्यातील स्टीफनटाउन येथील 20 मेगावॉटच्या केंद्रात 200 चाके आहेत. नव्वदी ओलांडल्यावरही पोस्ट हे चाक फिरवण्यासाठी चुंबकांऐवजी विद्युतस्थितिक (स्थिर विद्युतभारांमधील) बलावर चालणाऱ्या जनित्र-मोटरवर काम करत होते. 2015 मध्ये त्यांचे निधन झाले.